आवाज मेला की पाठ

२ मार्च, रविवार. सकाळी ९.४०

आजपासून नवं आयुष्य. हे वाक्य या वहीत याआधी तीनदा आलं आहे, पण तिन्ही वेळा विषय व्यायामाचा होता. त्यामुळे मोजायचं नाही.

शोधपथकात नाव घातलं. डोंगरात किंवा तळ्यावर कुणी अडकलं की तो माणूस खिशातल्या बीकनचं बटण दाबतो. बीकन म्हणजे साबणाच्या डबीएवढी नारिंगी वस्तू. ती रेडिओवर टाहो फोडत बसते. उपग्रहावरून आम्हाला फक्त साधारण टापू कळतो. शेवटचे दोन किलोमीटर पायी, हातातल्या दिशाशोधकाच्या आवाजावर.

गेली एकोणीस वर्षं मी पाठ्यपुस्तकांच्या छापखान्यात मुद्रितशोधक आहे. मुद्रितशोधक ते दिशाशोधक! अर्धा शब्द तर आधीपासूनच माझा आहे. हे बायकोला सांगितलं. ती म्हणाली, अहो, चष्मा डोक्यावर आहे, तो शोधणं थांबवा आधी.

३ मार्च, सोमवार

पथकप्रमुखांना सगळे कप्तान म्हणतात. उभी हयात जहाजावर वायरलेस सांभाळण्यात गेली, त्यामुळे बोलताना शब्द वाचवायची सवय आहे. काल त्यांनी दिशाशोधक कसा वापरायचा ते एकदा करून दाखवलं. मी तेव्हा खाली मान घालून टिपणं घेत होतो. बाकीचे नुसते बघत होते. शिस्त म्हणून नाहीच.

पथकाकडे एक नवा दिशाशोधक आहे आणि एक जुना. नवा कुणाच्या हाती द्यायचा, म्हणजे 'पहिला शोधक' कोण, ते ३० तारखेला ठरणार. मला ते पद हवं आहे. का हवं आहे, असं स्वतःला प्रामाणिकपणे विचारलं. लोकसेवा, असं उत्तर आलं. पुन्हा विचारलं. एकोणीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका शोधल्या, आता एकदा तरी माणूस शोधायचा आहे, असं आलं. दुसरं उत्तर जास्त खरं वाटलं. दोन्ही ठेवतो.

५ मार्च, बुधवार

कप्तानांनी नियमांचं कार्ड दिलं आहे. एकूण चार ओळी:

छातीशी धरा.
सावकाश गोल फिरा.
आवाज मेला की पाठ.
मग चाला.

तिसऱ्या ओळीत क्रियापद गळलं आहे! पहिल्याच वाचनात दिसलं. गळलेला शब्द घालायची खूण, म्हणजे काकपद, करून लाल शाईनं 'करा' लिहिलं. आवाज मेला की पाठ करा. म्हणजे गोल फिरताना आवाज सगळ्यात बारीक होईल तिथे थांबायचं, होकायंत्रावरचा आकडा पाठ करायचा आणि त्या दिशेनं चालू पडायचं. आवाज मोठा होईल तिकडे का जायचं नाही, असा प्रश्न मनात आला होता. पण शास्त्र हे असंच उलटसुलट असतं.

कार्ड कप्तानांना दाखवावं का? त्यांना कमीपणा वाटेल. नाही दाखवलं.

९ मार्च, रविवार. दुपारी

घरातल्या घरात सराव. बायकोला सरावाचा बीकन लपवायला सांगितला. डोळे मिटून शंभर अंक मोजले. पथकाकडून सरावाला आणलेला जुना दिशाशोधक छातीशी धरला, गोल फिरलो. वूऽप, वूऽप, वूऽप, आणि एका ठिकाणी आवाज एकदम बसला. एकशे दहा अंश. पाठ केलं. चाललो.

एकशे दहा अंश मला घराच्या दारातून बाहेर घेऊन गेले. जिना उतरलो. रस्ता ओलांडला. लाँड्रीपर्यंत आलो. लाँड्रीवाला म्हणाला, साहेब, शर्ट उद्या मिळतील. मी त्याला आत पाहू द्या म्हणालो. तो म्हणाला, पाहा, पण शर्ट उद्याच मिळतील.

बीकन आमच्या कपाटात होता. मी गोल फिरलो तेव्हा कपाट माझ्या मागे दोन हातांवर होतं.

चूक माझी नाही. कपाट लोखंडी आहे. लोखंडावर लहरी आपटून भरकटतात, हे पुस्तकात आहे. मुद्दाम लोखंडी कपाटच कसं निवडलंस, असं बायकोला विचारलं. दुसरं कपाट कुठं आहे आपल्याकडे, असं तिनं विचारलं. हा मुद्दा विचार करण्यासारखा आहे.

सासूबाई गुडघ्याच्या उपचारासाठी आठ दिवस राहायला आल्या आहेत. त्याला आता अकरा आठवडे झाले. त्या खुर्चीतून सगळं बघत होत्या. म्हणाल्या, जावईबापू, तुम्ही गेलात तसा आवाज लांब गेला हो. त्यांचा डावा कान कामातून गेला आहे, म्हणून मनावर घेतलं नाही.

१६ मार्च, रविवार. संध्याकाळी

पथकाचा पहिला सराव. तळ्याकाठच्या मैदानावर. मी उत्साहानं इतका भरलो होतो की मोजे वेगवेगळ्या जोडांतले घातले.

सासूबाई मोकळ्या हवेसाठी आल्या, घडीचं स्टूल घेऊन. कप्तानांनी सभ्यपणा म्हणून जुना दिशाशोधक त्यांच्या हाती दिला. नवा माझ्याकडे.

माझी दिशा वीस अंश. पाठ केली. चाललो. आवाज हळूहळू कमी होऊ लागला. आनंदानं अंगावर काटा आला, कारण आवाज मरतोय म्हणजे मी बरोबर जातोय! तळं संपलं, वस्ती संपली. सव्वादोन किलोमीटरवर सिमेंटच्या पाइपांचा कारखाना लागला. तिथे आवाज पूर्ण मेला. म्हणजे पोहोचलो. पहारेकऱ्याला म्हणालो, इथे कुणीतरी संकटात आहे. तो म्हणाला, मीच आहे, माझ्या बदलीचा माणूस आला नाही. त्याची विजेरी घेऊन दोन तास त्याच्याबरोबर प्रत्येक पाइपात डोकावलो.

बीकन मैदानातल्या पडक्या होडीखाली होता. सासूबाईंना अकरा मिनिटांत सापडला. त्यांतली चार मिनिटं स्टूल उघडण्यात गेली.

नवशिक्यांचं नशीब असतं. मीही नवशिकाच आहे, हे लिहिताना लक्षात आलं. वाक्य खोडत नाही, पण त्याच्यावर विश्वासही ठेवत नाही.

१८ मार्च, मंगळवार

चहाच्या वेळी सासूबाईंनी स्वतःहून शिकवायला घेतलं. म्हणाल्या, डावा कान गेल्यापासून वीस वर्षं मी वळून वळूनच ऐकते. कुणी हाक मारली की गोल फिरायचं. जिथं हाक ऐकूच येत नाही, तिथं माणूस आपल्या मेल्या कानाकडे. हे यंत्रही तसंच. छातीशी धरलं की आपलं अंगच मध्ये येतं. आवाज मेला म्हणजे ते आपल्या पाठीशी, जावईबापू. पाठीशी.

मी नम्रपणे सांगितलं की कार्डावर वेगळं आहे. त्या म्हणाल्या, कार्डाला कान असतो का?

रात्री झोपण्यापूर्वी स्वतःला विचारलं, त्यांचं बरोबर असेल का? क्षणभर वाटलं, असेल. मग आठवलं, कार्ड छापील आहे, फक्त एकच शब्द हाताने लिहिलेला आहे. छापलेल्यावर माझा विश्वास असणं हा माझा धर्म आहे. तो हातानं लिहिलेला शब्दही मुद्रितशोधकाचा, म्हणजे छापल्यासारखाच.

२० मार्च, गुरुवार

संकल्प. एक, रोज पहाटे पाचला सराव. दोन, सासूबाईंशी वाद नाही. तीन, कारखान्यातल्या पहारेकऱ्याला त्याची विजेरी परत करणे.

२१ मार्च, शुक्रवार

आठला उठलो. सासूबाईंशी वाद. विजेरी सापडत नाही.

२३ मार्च, रविवार. दुपारी १.४०

खरी हाक आली! आमचे दंतवैद्य एकटे डोंगरावर गेले होते. पाय घसरला, घोटा गेला, बीकनचं बटण दाबलं. माझी दाढ त्यांच्याकडे अर्धवट कोरलेली आहे. त्यामुळे त्यांना वाचवण्यात माझा स्वार्थ आहे, हे मान्य करतो. पण तो लोकसेवेच्या आड येत नाही.

१.५५. वाहनतळ. पथकातले नऊ जण, आणि सासूबाई स्टुलासकट. होकायंत्राची काच रुमालानं दोनदा पुसली.

२.०५. गोल फिरलो. दोनदा पडताळलं. आवाज सत्तर अंशांवर मरतो. खणखणीत वाचन! ओरडून सांगितलं, सत्तर अंश!

२.०६. कप्तानांनी मला विचारलं, नक्की सत्तर? मी म्हणालो, एका अंशाचाही फरक नाही. ते म्हणाले, शाबास. आणि सगळ्या पथकाला घेऊन बरोबर उलट्या बाजूला पळत सुटले. सासूबाईसुद्धा, गुडघ्यासकट!

२.०८. डाव लक्षात आला. ते घेराव घालत आहेत. लांबून फिरून पलीकडून येणार. समोरून जायची जोखीम एकट्या माझ्यावर सोपवली. हा विश्वास! डोळे भरून आले.

३.१०. आवाज मेला. दंतवैद्य दिसत नाहीत. हाका मारतोय. मागे दाढेच्या बिलावरून मी त्यांना काहीबाही बोललो होतो, त्याबद्दल माफी पण मागून टाकली.

४.२५. महामार्ग लागला. दुधाच्या गाडीनं परत.

२३ मार्च, तीच तारीख. संध्याकाळी ७

दंतवैद्य अडीच वाजताच सापडले होते. दोनशे पन्नास अंशांवर, एका घळीत, जीव घशाशी आलेला, पण शाबूत. झोळीतून खाली आणताना त्यांनी पथकाचे आभार मानले आणि माझी बुधवारची वेळ रद्द केली.

कप्तान घरी आले. चहा घेऊन मला म्हणाले, प्रूफसाहेब, पथकात तुमच्याइतकं अचूक वाचन कुणाचंच नाही. घरी, मैदानात, आज डोंगरावर. दर वेळी बरोबर एकशे ऐंशी अंशांनी चूक. ना एक कमी, ना एक जास्त. आज तुम्ही सत्तर म्हणालात आणि मी एकशे ऐंशी मिळवले. तुमच्यामुळेच माणूस वाचला.

म्हणजे माणूस मीच शोधला! फक्त मी तिथे नव्हतो.

मग त्यांनी कार्ड मागितलं. पाहिलं. लाल शाईवर बोट ठेवलं. हे 'करा' कुणी घातलं, असं विचारलं. मी म्हणालो, क्रियापद गळलं होतं. ते म्हणाले, गळलं नव्हतं. आवाज मेला की पाठ. पाठ म्हणजे ही. आणि त्यांनी स्वतःच्या पाठीवर थाप मारली. पाठीमागे वळा. मग चाला.

आत सासूबाई हसत होत्या. चांगला कान आमच्याकडे करून, तोंडाला पदर लावून.

एकोणीस वर्षांत माझ्या हातून एकही शब्द चुकून सुटला नाही. हा सुटला नाहीच, घातला गेला. ही चूक वेगळ्या रकान्यात जाते.

३० मार्च, रविवार. सकाळी ८.३०

निवड जाहीर झाली. पहिला शोधक: सासूबाई. टाळ्या मीही वाजवल्या, आणि मनापासून, असं तपासून लिहितो.

आणि मला नवं पद! कप्तानांनी सगळ्यांसमोर सांगितलं की सरावाच्या वेळी बीकन घेऊन दडी मारून बसायला कुणीतरी काटेकोर माणूस हवा. जो बोलणार नाही, हलणार नाही, मध्येच फोन करून खुणा सांगणार नाही. मानलं पाहिजे, अशी माणसं थोडी असतात. पद कायमचं आहे.

८.५५. वाहनतळावर बुटाची नाडी बांधली. निघालो. असा लपेन की नवा दिशाशोधकही हात टेकेल.

९.१०. करवंदीच्या जाळीमागे घळ. उत्तम जागा. सराव सुरू झाला असणार.

९.४०. कुणी नाही. छान.

१०.३०. कुणी नाही. फारच छान लपलो आहे.

११.१५. जरा जास्तच छान. सासूबाईंची काळजी वाटते. शोध लागत नाही म्हणून खचल्या असतील. खोकून हिंट द्यावी का? नियमात बसत नाही. खोकला दाबला.

११.५०. बीकनचा दिवा लागला आहे ना, ते बघायला खिशात हात घातला. चष्म्याची डबी आहे. दुसऱ्या खिशात रुमाल.

१२.०५. आठवलं. नाडी बांधताना बीकन वाहनतळाच्या कठड्यावर ठेवला होता.

१२.२०. बायकोचा फोन. बीकन नऊ वाजून चार मिनिटांनी सापडला. पथकाचा विक्रम. चहा झाला, फोटो झाले, सगळे घरी गेले. बीकनबरोबर तुम्हीही लपायला गेला होतात हे आईच्या आत्ता लक्षात आलं, म्हणाली. कुठे आहात?

आजूबाजूला पाहिलं. होकायंत्र काढलं. उत्तर कुठे आहे ते नीट कळलं. मी कुठे आहे ते कळेना.

१२.२६. फोन सासूबाईंनी घेतला. म्हणाल्या, जावईबापू, जागचे हलू नका. आणि विशेषतः चालू नका. आम्ही येतोय, तोवर तुम्ही मोठ्यानं ओरडत राहा.

१२.३५. ओरडतो आहे.