मोहाखाली पडलेलं रॉकेट

घुग्घुस,
९ एप्रिल २०२५

प्रिय रिना बेटा,

बाबाकडून जय भीम, जावईबापूंनाही सांग. मी मजेत आहे. बीपीची गोळी चालू आहे, गुलाम रसूलच्या घरून अख्तरीभाभी डब्बा पाठवते. तू म्हणशील, फोन सोडून चिठ्ठी काऊन? फोनवर मले नीट ऐकू येत नाई, आन् जे ऐकू येते ते सारं तुह्यंच असते. चिठ्ठीत तुले मधात बोलता येत नाई.

घर विकाचं आन् वीस तारखेच्या पुण्याच्या तिकिटाचं तू विचारलं होतं. ते सांगतो, पण आधी रॉकेटचं ऐक.

हसू नको. खरंच रॉकेट! दिवाळीचं नाई, माह्याहून हातभर उंच. गुलाम रसूलचा जावई जाहिद नागपूरच्या क्लबात असे रॉकेट उडवते. मोटर त्यानं आणली, परवानगीचे कागदही त्यानंच फिरवले. पंख गुलाम रसूलनं बसवले, पॅराशूट अख्तरीभाभीनं शिवलं, नारंगी कापडाचं. जीप आमच्या खाणीतल्या डोमाची. मी खाणीत इतकी वर्षं ब्लास्टिंग केली म्हणून सेफ्टी माह्याकडं. सारी जिंदगी कोळसा खाली पाडला. एखादी चीज वर कशी जाते, हे मले पाहाचंच होतं. महिनाभर डोक्यात तेच. पंख तीनच काऊन? वर गेल्यावर पॅराशूटले कसं समजते, आता उघडाचं म्हणून? जाहिद बिचारा सांगून सांगून थकला.

रविवारी पहाटेच निघून जिवतीच्या मोकळ्या माळावर गेलो. जाहिदनं उलटी गिनती केली. मी आपली खाणीतली जुनी शिट्टी फुकली आन् सवयीनं बोंबललो, "फायर!" बस. आम्ही तिघं बुढे जीपमागं, माना खाली, कानावर हात. तिघंही खाणीतलेच ना! जाहिद बटन दाबून उभाच होता, तर मी त्याची कॉलर धरून त्यालेही खाली ओढलं. त्याचा मोबाईलही मातीत.

सूंऽऽ करत गेलं. आवाज थांबल्यावर मान वर केली, तर ऊन डोळ्यात आन् आभाळ रिकामं.

"कुठी गेलं?" डोमा म्हणे.

"तू नाई पाह्यलं?"

"तूच तर फायर म्हटलं!"

अरे बाप्पा! एवढी मेहनत, आन् चौघांतल्या एकानंही पाह्यलं नाई. जाहिद रडाले आला होता. मले इतकी शरम वाटली, काय सांगू.

लय शोधलं. शेवटी शेताच्या धुऱ्यावर एका मोहाच्या झाडाखाली बायनाबाई भेटली, माह्याच वयाची, फुलं वेचून राह्यली होती. रॉकेट खोडाले टेकवून ठेवलेलं. आन् आपलं नारंगी पॅराशूट झाडाखाली पसरलेलं, त्यावर अजून एखाद-दुसरं फूल टपकून राह्यलं होतं.

"बाई, हे आमचं आहे," मी म्हटलं.

"माह्या मोहाखाली पडलं ते माह्यं." तिकडं रीतच तशी, ज्याच्या घरचा मोह, त्याखालचं सारं त्याचं. "ती नळी घेऊन जा. कापड मोह सरल्यावर, मे महिन्यात. याच्यानं फुलाले माती लागत नाई."

गुलाम रसूल भांडाले उठला, मी त्याले बसवलं. मले दुसरंच विचाराचं होतं. "बाई, जातानी तुम्ही पाह्यलं का?"

"पाह्यलं ना! धुराची रेघ सरळ वर गेली. मंग ते चिमणीएवढं झालं, मंग नाईच. मी म्हटलं, गेलं. तं वरच नारंगी काईतरी उघडलं आन् डुलत डुलत माह्याकडंच आलं."

मी तिच्याकडून तीनदा सांगून घेतलं. मंग तिनंच विचारलं, "आन् तुम्ही सारे कुठी होते?" सांगितलं तिले, जीपमागं, माना खाली घालून.

घरी आल्यावर जाहिदनं रॉकेटातल्या कॅमेऱ्यातलं दाखवलं. जीप लहान लहान होत जाते, तिच्यामागं आम्ही चौघं, माना खाली. दूर मोहाखाली एक बाई, तोंड वर. सारे पोट धरून हसले. मीही हसलो, आन् मंग मले हसू येईना. तुही आई गेली तवापासून मी असाच बसून आहे, रिना. तू म्हणते ते खरं आहे, घर खाले उठते. म्हणूनच मागच्या महिन्यात मी तुले पुण्याले येतो म्हटलं होतं.

पण आता मले मे महिन्याची घाई झाली आहे. आई गेल्यावर पहिल्यांदाच कशाची तरी घाई झाली. निघतानी बायनाबाई म्हणे, "कापड घ्याले या, इथीच उडवा. मी तुमच्या मागं उभी राहीन आन् मान धरून वर करीन."

म्हणून बेटा, तिकीट रद्द कर. घर पाहाले येणाऱ्या माणसालेही नाई सांग. तुले राग येईल, येऊ दे. पुण्यात माह्यं सारं नीट होईल, हे मले माहीत आहे. पण इथी मले एक गोष्ट पाहाची राह्यली आहे.

सुट्टी काढून तूच ये. यावेळी फायर म्हणणार नाई. शिट्टी तुह्याच हातात देतो.

तुहा बाबा,
बापूराव
मुक्काम घुग्घुस. पत्ता हाच राहील.