प्रार्थनेतलं आईचं नाव

प्रिय मझल,

आमच्या शेजारचा मुबीन पिंपळगावहून द्राक्षांचा कंटेनर घेऊन न्हावाशेव्याला निघालाय. वाटेत पनवेलला थांबून तो हे पत्र तुझ्या हातात देईल. त्याला चहा पाज, पण पत्र तो गेल्यावरच उघड. फोनवर हे सांगता आलं नसतं. तामार सतत शेजारी असते, आणि खरं सांगू का, तुझा आवाज ऐकला की मी हवापाण्याचं बोलून फोन ठेवून देते.

तामारचं ऑपरेशन गुरुवारी दुपारी ठरलंय. डोक्यातली गाठ लिंबाएवढी झालीय. डॉक्टर म्हणाले, गाठ निघेलही, पण तिचं बोलणं राहील का, ती आम्हाला ओळखेल का, वाचेल का, कशाचीच खात्री देता येत नाही. पोरीचं बघ, हे सगळं निमूट ऐकलं आणि केस कापणार म्हटल्यावर रडायला लागली. ह्यांनी एलियाहू हन्नबीला मलिद्याचा नवस बोललाय. पोहे-नारळ आत्ताच आणून ठेवलेत, जणू देवाला घाई केली की तो लवकर उठतो! वॉर्डातल्या सिस्टर साधना रोज सांगतात, देवावर हवाला ठेवा. ठेवलाय गं. डोळे झाकून शमाची प्रार्थना म्हणते.

एक वेगळीच धास्ती मला खातेय. तीन आठवड्यांपूर्वी तुमच्या सिनेगॉगमध्ये प्रार्थना चालवणाऱ्या हजानांना फोन केला, आजाऱ्यांच्या प्रार्थनेत तामारला घ्या म्हणून. त्यांनी विचारलं, आईचं नाव? आपल्यात आजाऱ्याचं नाव आईच्या नावानंच घेतात, हे काय मला ठाऊक नव्हतं? तरी मी माझंच, दीना, सांगून मोकळी झाले. तेव्हापासून दर शनिवारी शब्बाथला 'तामार बात दीना', दीनाची मुलगी तामार, असं तुझ्यासमोर वाचलं जातंय, आणि तू खाली मान घालून आमेन म्हणतेस. हजानांच्या बायकोनंच मला सांगितलं, तुझी बहीण फार रडते म्हणून.

एकोणीस वर्षांपूर्वी दहा दिवसांची तामार तू माझ्या ओटीत घातलीस. मी काय केलं? दाराच्या चौकटीवरच्या पवित्र मेझुझाला हात लावायला लावून तुझ्याकडून शपथ घेतली, की हे कधी कुणाला कळू देणार नाहीस. तू पाळलीस. मावशी म्हणून यायचीस, तेव्हाही दोन दिवसांच्या वर तुला राहू दिलं नाही. मला भीती वाटायची. देव सगळं जाणतो, हे मलाही कळतं. तरी मनात येतं, एवढी माणसं ज्या मुलीसाठी मागतायत ती मुलगी जगात नाहीच, आणि माझी पोर इथे प्रार्थनेवाचून पडलीय.

म्हणून लिहितेय. गुरुवारी सकाळी वाचनासाठी तोराचा सेफर काढतील तेव्हा तू स्वतः उभी राहा आणि तामारची आई म्हणून तुझं नाव सांग. शपथेतून मी तुला मोकळं केलं. सगळं पनवेल ऐकेल, आणि संध्याकाळपर्यंत कुणी ना कुणी इथे फोन करेल. करू दे. तामार शुद्धीवर येऊन मला आई म्हणाली नाही तरी चालेल, मझल. तिला बोलता येऊ दे, मग ती कुणालाही आई म्हणो.

तुझीच,
दीनाताई