येडशीच्या शूटिंगमधली दुर्बीण

अहो सर,

मागच्या रविवारी दुपारी टीव्हीवर तो सिनेमा लागला. येडशीला शूटिंग झालं होतं तो, आपली दुर्बीण असलेला. मी तो कधीच बघितला नव्हता, हे तुम्हाला ठाऊक आहे. आता बघितला, आणि तेव्हापासून कुणाशी तरी बोलायचं आहे. यातलं कळणारा माणूस एकच होता, म्हणून तुम्हालाच लिहिते. तुम्हाला जाऊन अडीच वर्षं झाली. एवढा उशीर का, म्हणून रागावू नका. रागावणं तसं तुमच्याकडं नव्हतंच, ते खातं माझ्याकडं होतं.

सिनेमातल्या दुर्बिणींचं तुम्हाला एवढं वेड कशाचं होतं? आपण एकाच शाळेत, तुम्ही विज्ञान शिकवायचा, मी गणित. शनिवारची सकाळची शाळा सुटली की मुरुमहून एसटीनं उमरग्याला, सिनेमाला. गोष्ट कसलीही असो, गच्चीवर तीन पायांवर उभी दुर्बीण दिसली की तुमचं कोपर मला बसायचं. "आली बघा, बाई." घरीसुद्धा तुम्ही मला बाईच म्हणायचा.

मग मी सुरू व्हायचे. भिंगावर झाकण तसंच आहे. तारा हुडकायच्या छोट्या नळीला डोळा लावलाय आणि म्हणतो, गुरूचे चंद्र दिसले. नायिका दुर्बिणीतून पडता तारा बघते. ती दुर्बीण वळवेपर्यंत तारा थांबतो होय? एकदा पुढच्या रांगेतला माणूस मागं वळून म्हणाला, "ओ मास्तरीणबाई, शाळा सुटली की सकाळीच." तुम्ही पुढची दहा मिनिटं हसत होता. मी नाही हसले.

चुका तुम्हालाही दिसायच्या. पण तुम्ही म्हणायचा, "असू द्या की. एवढी माणसं एकदम वर बघायला लागली, हे काय कमीय?"

आपली दुर्बीण तुम्ही घरी केली. सहा इंची काच सात महिने घासत होता, स्वयंपाकघरात, माझ्या पायात पायात. पत्र्याच्या कोठ्या करणाऱ्या रशीदभाईंनी नळी करून दिली. या दुर्बिणीच्या तळाशी आरसा असतो, म्हणून खालून काही दिसत नाही. वरच्या तोंडाजवळ बाजूला भिंग असतं, डोळा तिथं लावायचा. पाचवीच्या मुलींना हे तुम्ही दोन मिनिटांत समजावत होता. सिनेमावाल्यांना मात्र समजलं नाही.

आपली लेक मेधा दहावीत होती तेव्हा त्यांनी दुर्बीण शूटिंगला मागितली. दुर्बीण वाकळेत गुंडाळून आपण सिनेमावाल्यांच्या जीपमधून येडशीला गेलो, रामलिंगाच्या अलीकडच्या माळावर. सिनेमात रात्र होती, शूटिंग दुपारी तीनला. तिथं जमलेल्या कामगारांना तुम्ही दुर्बीण दाखवत होता आणि सवयीनं म्हणालात, "या, तुम्हाला शनी दाखवतो. तो कुणाचं वाईट करत नाही." दिग्दर्शकानं ऐकलं.

"सर, हेच वाक्य सिनेमात बोलाल का? गावातले मास्तर म्हणून?"

तुमचे कान लाल झाले होते. ते वाक्य तुम्ही बाभळीमागं जाऊन चार वेळा म्हणून बघितलं. मी ऐकलं होतं ते, सर. तुम्हाला कधी सांगितलं नाही.

मग दिग्दर्शक म्हणाला, "आता खाली वाका आणि नळीच्या बुडाला डोळा लावा."

तुम्ही हळूच सांगितलं, की बघायचं वरून असतं. तो म्हणाला, "वरून बघितलं की चेहरा नळीमागं जातो. पब्लिकला काय कळतंय सर."

तुम्ही वाकायला तयार होता. एका हातानं गुडघा धरून निम्मे वाकलाही होता. आणि मी सगळ्यांसमोर म्हटलं, "आमचे सर खालून बघणार नाहीत. उद्या पोरं हेच शिकतील."

"मॅडम, सिनेमा आहे हा."

"म्हणूनच सांगते. शाळेतलं विसरतात, सिनेमातलं विसरत नाहीत."

तुम्ही माझ्याकडं बघितलं, गुडघ्यावरचा हात काढला आणि म्हणालात, "बाई म्हणतात ते बरोबर आहे." दिग्दर्शकानं वाद घातला नाही. "जाकीट तेवढं द्या," म्हणाला. तुम्ही राखाडी जाकीट काढून दिलं. त्यांच्यातल्याच एकानं ते घातलं.

परतताना तुम्ही जीपमध्ये डोळे मिटून बसलात. मला वाटलं, थकलात. खरंच मला तसंच वाटलं का? सिनेमा उमरग्याला आला तेव्हा तुम्ही एकटेच बघून आलात. मी विचारलं, कसा होता? तुम्ही म्हणालात, "दुर्बीण चांगली दिसते."

दिसते चांगली. रविवारी मी तुमचं जाकीट बघितलं. कोपरावरचा रफू ओळखला, माझाच होता. त्या माणसानं बुडाला डोळा लावला आणि तुमचं वाक्य म्हटलं. त्याचा आवाज जाड होता. मी टीव्ही बंद केला आणि ते वाक्य तुमच्या आवाजात आठवून बघायला बसले.

आलं नाही, सर. शब्द आले. मान थोडी डावीकडं झुकवून तुम्ही कसे बोलायचा, ते आलं. आवाज आला नाही.

मी उठून मेधाला पुण्याला फोन लावला. "तुझ्याकडं बाबांचा आवाज आहे का कुठं?" ती म्हणाली, "नाही गं आई. मीसुद्धा शोधतेय." तुमचा फोन बटणांचा. व्हिडिओ काढायला कुणी आलं की तुम्ही आधी मला पुढं करायचा आणि मी दोघांच्या वतीनं नाही म्हणायचे. येडशीला एकदा तुम्ही हो म्हणालात.

शाळेतल्या जुन्या मुलींना फोन केले. धाराशिवला असते ती शिवलीला म्हणाली, "बाई, माझ्या लग्नात सरांना फेटा बांधून माईक दिलता की. शूटिंग हाय घरात." बुधवारी सकाळची एसटी धरून गेले. लग्नाचे व्हिडिओ मला किती कंटाळवाणे वाटतात, तुम्हाला माहीत आहे. तिचा हळदीपासून बसून बघितला.

तुम्ही आलात. गुलाबी फेटा, डावीकडं झुकलेला. माईक हातात घेतलात आणि तीन मिनिटं बोललात. मांडव हसत होता. आणि वर गाणं लावलेलं, सनईचं संगीत असलेलं. तुमचे नुसते ओठ हलत होते.

शिवलीला ओशाळली. "शूटिंगवाल्यानं सगळीकडं गाणंच टाकलंय बाई. माझ्या बापाचं रडणंबी ऐकू येत न्हाय."

मी तिला म्हटलं, परत लाव. पाच वेळा लाव म्हटलं. तिनं चहा आणून ठेवला आणि शेजारी बसून राहिली. एवढं काय बोलत होता हो तुम्ही, तीन मिनिटं? शेवटी तुम्ही माझ्याकडं हात केला आणि सगळे खळखळून हसले. माझ्यावरच काहीतरी होतं. मी त्या मांडवात होते, ऐकलं होतं, आणि मला ते आठवत नाही.

तुम्ही त्या दिवशी खालून बघितलं असतं तर काय बिघडलं असतं? चार पोरं चुकीचं शिकली असती. तुम्ही त्यांना दोन मिनिटांत बरोबर शिकवलं असतं. मी बरोबर होते, आणि आज त्याचं काय करू, ते मला कळत नाही.

मेधा काल म्हणाली, "आई, तू तरी बोल ना फोनसमोर. काहीही बोल." नेहमीसारखं नाही म्हणायला तोंड उघडलं होतं. पण या वेळी हो म्हटलं.

येत्या शनिवारी ती येते आहे. मी तिच्या फोनसमोर बसेन आणि तुमच्याबद्दल बोलेन. येडशीचंही सांगेन, चूक कुणाची तेही. बोलताना अडखळेन, तारखा चुकतील, कदाचित रडेनही. पण हे पुसून परत घे, असं मी तिला म्हणणार नाही. ‘माझ्या आईचा आवाज कसा होता,’ असं कुणाला विचारत फिरायची वेळ तिच्यावर येणार नाही, एवढा शब्द तुम्हाला देते.

तुमची,
बाई