लग्नाची बीअर

डुलुथ, १७ जून १९९७

ती. बाबांना,
जेनेलचा सा. न. हात जोडलेत, पण दात आवळून.

रविवारी मी फोन केला, तर माझं अर्धं वाक्य ऐकून तुम्ही रिसीव्हर आपटलात. म्हणून हे पत्र.

माझ्या लग्नाची बीअर तुम्ही घरी करणार, हे मी सोळा वर्षांची असल्यापासून ठरलेलं होतं. तुम्ही दोन पिंपं भरून आणलीत तेव्हा माझा ऊर भरून आला होता. मग सासऱ्यांनी पहिला पेला तोंडाला लावला. गिळावं की थुंकावं, ते त्यांना कळेना. अर्ध्या तासात लोक हळूच मागच्या दारानं जाऊन गवतावर पेले ओतायला लागले. तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून, बाबा. टेरीनं तुम्हाला बाजूला घेऊन अगदी दबक्या आवाजात सांगितलं, की बीअरला कसलातरी वास येतोय. त्यावर तुम्ही दीडशे माणसांसमोर त्याच्यावर ओरडलात, की त्यानं तोटीच्या नळ्या घाणेरड्या आणल्या, आणि ज्याला नळी धुता येत नाही तो बायको काय सांभाळणार!

आणि केक कापायच्या आधी आईला ओढत निघून गेलात. माझ्या लग्नाच्या फोटोत आईबापांच्या जागी दोन रिकाम्या खुर्च्या आहेत.

टेरीची माफी मागा. दुसरं काही लिहायचं असेल तर लिहू नका.

लोभ आहे. आत्ता तो दाखवायची इच्छा नाही.
जेनेल


ऱ्हाइनलँडर, २१ जून

चि. जेनेल हिस,
अ. उ. आ. लग्न झालं म्हणून बापाला हुकूम सोडायला लागलीस, छान.

माफी कसली? त्या नळ्या तुझ्या नवऱ्यानं भावाच्या दारूच्या गुत्त्यातून उचलून आणल्या होत्या. त्या कधी धुतल्या होत्या, विचार त्याला. नळीत बीअर सुकली की आत शेवाळासारखा थर धरतो. नुसतं पाणी सोडून तो जात नाही, सोड्याचं गरम पाणी घालून ब्रशनं घासावा लागतो. तोटीचा एक एक तुकडा सुटा करावा लागतो. मी तळघरात एकतीस वर्षं हेच करत आलोय. माझी बादली, माझी नळी, माझ्या बाटल्या यांना कुणी बोट लावून दाखवावं. जिल्ह्याच्या जत्रेत घरगुती बीअरच्या स्पर्धेला मला परीक्षक म्हणून बसवतात ते काय माझ्या मिशा बघून?

पिंपं घरून निघायच्या आधी मी स्वतः बीअर चाखली होती. उत्तम होती. तुझ्या सासऱ्यांना कारखान्यातली पाणचट बीअर प्यायची सवय, त्याला मी काय करू?

तुझी आई बोलत नाही माझ्याशी. तीही तुझ्याच बाजूची.

तुझा
बाबा


डुलुथ, १ जुलै

ती. बाबांना,
सा. न. वि. वि. विनंती एवढीच, की हे पत्र शेवटपर्यंत वाचा.

नळ्यांचा विषय मी संपवलाय. तुम्ही आम्हाला घरी प्यायला एक डझन बाटल्या दिल्या होत्या, आठवतं? त्या टेरीच्या नळीला शिवलेल्यासुद्धा नाहीत. मी चार उघडल्या. शेजारच्या बाईंना नुसता वास घ्यायला सांगितलं. त्या म्हणाल्या, जखमेवर लावायच्या पट्टीचा वास आहे. चारही बाटल्यांना तोच.

बीअरचं काय बिघडलंय ते वासावरून ओळखायला तुम्हीच मला शिकवलंत. आंबट झाली तर जंतू शिरले. ओल्या पुठ्ठ्यासारखी लागली तर हवा लागली. लोण्यासारखी लागली तर घाईनं बाटलीत भरली. आणि दवाखान्यासारखी लागली तर भांड्यात ब्लीच राहिलं. मग हे तुम्हाला कसं कळलं नाही?

शनिवारी तुम्ही तळ्यावर मासे धरायला गेला होतात तेव्हा मी घरी आले होते. तुम्हाला सांगू नको असं मीच आईला म्हटलं, तिच्यावर चिडू नका. तळघराचं दार उघडलं आणि माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. आंबवायच्या बादल्या पालथ्या घातल्या होत्या, धुऊन पुसून, आणि एकेका बादलीला ब्लीचचा असा भपकारा की मी मागे सरकले. त्या खोलीत तुम्ही रोज तीन-तीन तास बसता. वर फ्रिजमधल्या डब्यातल्या दुधाला वास मारत होता. आई म्हणाली, सकाळी त्यातलंच ग्लासभर दूध तुम्ही पिऊन गेलात.

मी संतापून आले होते, परत जाताना घाबरले होते. आता सरळ विचारते आणि सरळ उत्तर हवंय. बाबा, तुम्हाला वास येतो का?

जेनेल


ऱ्हाइनलँडर, ५ जुलै

चि. जेनेल,
अ. आ.

नाही येत.

गेल्या वर्षी फेब्रुवारीत फ्लू झाला, तेव्हा गेला तो गेलाच. आधी वाटलं, सर्दी उतरली की येईल. उन्हाळा आला, लायलॅकला फुलं आली, मी झुडपात तोंड खुपसून उभा राहिलो. काही नाही. कागद हुंगल्यासारखं.

ब्लीच मी पहिल्यापासून वापरतो. किती वेळा खळबळून काढायचं, याचं माझं माप एकच होतं. वास गेला की पुरे. आता मला पहिल्या पाण्यालाच वास गेलेला वाटतो. तुझ्या लग्नाची बीअर मी चाखली ती अशी. जिभेला कडू लागली, फेस चांगला आला, रंग मधासारखा. मी म्हटलं, झकास.

आता विचारतेच आहेस तर सगळंच ऐक. गेल्या ऑगस्टला मी जत्रेत परीक्षकाच्या खुर्चीत बसलो. शेजारच्या परीक्षकाच्या भुवया बघून गुण दिले. त्यानं नाक मुरडलं की मी चार गुण कापायचो. एका पोरीनं पहिल्यांदाच बीअर करून आणली होती, तिला मी कागदावर लिहून दिलं, ‘स्वच्छता शिका’. मी! तो कागद आठवला की माझं मलाच थोबाडावंसं वाटतं.

नोव्हेंबरात कॉफीसाठी गॅसची शेगडी लावली, ती पेटलीच नाही. मी शब्दकोडं सोडवत बसलो. तुझी आई चर्चमधून आली आणि किंचाळत खिडक्या उघडत सुटली. मी म्हटलं, डोळा लागला होता.

टेरीला लिहिलेलं पत्र याच पाकिटात आहे. ते तू वाचायचं नाहीस. जत्रेच्या समितीला परीक्षकपद सोडत असल्याचं कळवलंय. आईला सांगू नकोस.

बाबा


डुलुथ, ८ जुलै

ती. बाबांना,
सा. न.

बीअरचा राग संपला. टेरीनं तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि शर्टाच्या खिशात ठेवलं. काय लिहिलंय ते तो सांगत नाही.

पण आता मी खरी चिडलेय. बीअर खराब झाली तर लोक गवतावर ओततात. गॅसनं घर भरलं तर काय ओतणार? आई त्या घरात झोपते, बाबा! आठ महिने तुम्ही तिला डोळा लागल्याची थाप मारून गप्प बसलात. कशासाठी? एक नाक गेलं म्हणून तुमची किंमत काय कमी होणार होती?

शनिवारी आम्ही येतोय. टेरी स्वयंपाकघरात आणि तळघरात गॅस सुटला की वाजणारी यंत्रं बसवणार आहे. त्याला अडवायचं नाही. सोमवारी आपण नाक-घशाच्या डॉक्टरकडे जाणार आहोत. आणि आम्ही यायच्या आत आईला सांगा. नाही सांगितलंत तर मी दारातच सांगेन.

लोभ आहे, तोच तर त्रास आहे.
जेनेल


ऱ्हाइनलँडर, ११ जुलै

चि. जेनेल,
अ. उ. आ.

तुम्ही दोघं उद्या येणारच आहात, हे पत्र त्यानंतर पोचेल. पण समोर बसून हे मला सांगता येणार नाही.

काल न्याहारीला तुझ्या आईला सांगितलं. तिनं ताटली उचलून इतक्या जोरात सिंकमध्ये टाकली की दोन तुकडे झाले. मग दुखरा गुडघा धरून, एक एक पायरी बसत बसत, तळघरात उतरली. तीन वर्षांत ती खाली आली नव्हती. मी मागोमाग.

चरे पडलेल्या जुन्या बादल्या आणि सगळ्या नळ्या तिनं मला बाहेर कचऱ्यात टाकायला लावल्या. एक नवी बादली उरली. ती माझ्या हातात दिली आणि धू म्हणाली. मी धुतली. तिनं आत नाक घातलं आणि पुन्हा म्हणाली. मी पुन्हा खळबळली. पुन्हा. सहा वेळा तिनं मला नळाखाली उभं केलं, चेहरा लालबुंद, माझ्याकडे न बघता. मीही चिडलो, बादली आपटली. तिनं उचलून परत हातात दिली.

सातव्यांदा तिनं बादलीत तोंड घातलं आणि बराच वेळ बाहेर काढलंच नाही. मग म्हणाली, आता कशाचाच वास येत नाही. तशीच बादली मांडीवर धरून ती पायरीवर बसली, आणि तिनं विचारलं, तुला सारखं असंच असतं का.

मी हो म्हटलं.

तुझा
बाबा