डोलीचं पुढचं टोक

पोलादपूर
१९ जानेवारी २०२५

ती. दादास सलोनीचा नमस्कार.

इकडे सगळं ठीक आहे, असं पत्राच्या सुरुवातीला लिहितात, म्हणून मीही लिहिलं. तू आणि तुझा सार्थक बरे असाल. रेश्मावहिनी बरी आहे हे ठाऊक आहे, कारण भांडुपचा हा पत्ता तिनेच दिला. तुझा नवा नंबर कुणाला द्यायचा नाही अशी तू तिला शपथ घातली आहेस म्हणे. पत्त्याबद्दल तू काही बोलला नव्हतास, असं तिचं म्हणणं. तिच्यावर रागावू नकोस.

मी हॉलंडहून परत आले, ती नोकरी गेली म्हणून, असं तू कुणाकुणाला सांगितलंस. नोकरी शाबूत आहे. पोलादपुरात एसटी स्टँडच्या मागे एक खोली घेतली आहे. सोमवार ते शुक्रवार तिथे बसून बोटींचे आराखडे काढते आणि शनिवारी वाडीवर चढते. वाडीत रेंज फक्त देवळाच्या पारावर येते आणि तिथे बसून ऑफिसच्या मिटिंगा केल्या, तर सगळ्या वाडीला माझ्या साहेबांचा आवाज पाठ होईल.

सध्याची बोट मोठी आहे. आपल्या वाडीतली सगळी घरं एकापुढे एक लावली तरी ती उरेल. एका माणसाची, हौसेची. मालकाची खोली सगळ्यात पुढे, पाहुण्यांच्या खोल्या तिच्या मागे, आणि नोकरांसाठी भिंतींच्या आतून वेगळ्या वाटा. चहा आलेला दिसावा, आणणारा दिसू नये, अशा बेताने त्या आखायच्या असतात. आबांना मी कागद पसरून सगळं दाखवलं. त्यांना मोतीबिंदूमुळे फारसं दिसत नाही, पण कागदावर हात फिरवून फिरवून विचारत होते. म्हणाले, "चारी बाजूला पाणी हाय, मग वरती पवायला येगळं तळं कशाला गो?" मग म्हणाले, "आन गनपती कुठं बसवतो हा?" ते मी साहेबांना विचारणार आहे.

या मालकाशी माझं जिन्यावरून वाजलंय. त्यांना खोलीपासून वरच्या डेकपर्यंत गोल वळणाचा, अरुंद, संगमरवरी जिना हवा आहे. दिसायला झकास. पण त्यावरून स्ट्रेचर वळत नाही. माणूस आजारी पडला तर त्याला आडवा ठेवून वरच्या डेकवरच्या हेलिकॉप्टरपर्यंत नेता आलं पाहिजे, हे मी पहिल्या दिवसापासून धरून बसले आहे. मालकांचं वय ऐंशीच्या घरात. ते म्हणतात, माझ्या बोटीवर कुणी आजारी पडणार नाही. आजारपणाला मनाई केल्यासारखं ते सांगतात, तेव्हा मला हसू येतं, आणि मग आबा आठवतात.

आबांचं पोट जरा दुखतं. बाकी ठीक. आंबा यंदा चांगला मोहरला आहे.

तुझी,
सलोनी


पोलादपूर
२ फेब्रुवारी २०२५

ती. दादास नमस्कार.

मागच्या पत्राला उत्तर नाही. ठीक आहे. त्यात मी आंब्याचा मोहर लिहिला आणि जे लिहायचं ते एका ओळीत उरकलं. आता सरळ लिहिते.

आबांना हर्निया आहे, मोठा. डिसेंबरात त्यांना मी महाडला दाखवलं. डॉक्टर म्हणाले, ताबडतोब ऑपरेशन करा; आतडं अडकलं तर हातात फार वेळ राहणार नाही. आबा म्हणाले, संक्रांत झाल्यावर बघू, आणि मला न विचारता एसटीत बसून घरी गेले. ती उभी चढण चढल्यापासून दुखणं वाढलंय. आता त्यांना अंगणापर्यंतही चालवत नाही. त्यांना डोलीतूनच खाली आणावं लागेल, आणि ते डोलीत बसायला तयार नाहीत.

कारण तुला ठाऊक आहे. डोली घरातून निघताना पुढचं टोक घरच्या पुरुषाच्या खांद्यावर, वाडीच्या सीमेवरच्या ओढ्यापर्यंत. ओढा ओलांडला की कुणीही घ्यावं. आबांनी आजीला तसंच नेलं, आईलाही. "घरचा मानूस पुढं नाय तर डोली आंगनातून हलत नाय," हे त्यांचं एकच वाक्य. मी म्हटलं, मी घरचीच आहे. ते म्हणाले, "तू लेक हायस." गोमाजीकाकांनी आबांचे दोस्त म्हणून मध्यस्थी केली, शेजारच्या भरतने मला एकटीला गाठून विचारलं की म्हाताऱ्याला झोपेत उचलायचं का. मी नाही म्हटलं.

डोंगराला भेग गेली आणि दरडीची भीती होती तेव्हा तू टेंपो घेऊन त्यांना न्यायला आला होतास, ते वाडीला आठवतं. ते आले नाहीत, आणि तू सगळ्यांसमोर बोललास, "मग तुम्हाला उतरवायला मी येनार नाय." त्या वाक्याबद्दल मी तुझ्याशी भांडायला लिहीत नाही. तुला तेव्हा त्यांच्या जिवाची भीती वाटली होती. ती भीती आता मला वाटते, रोज, बोट काढतानासुद्धा. दादा, मला एकटीने हे जमत नाही.

९ तारखेला, रविवारी सकाळी, भरत आणि खालच्या गावातली पोरं येणार आहेत. तू नुसता ये. बोलू नकोस हवं तर. ओढ्यापर्यंत पुढचं टोक घे आणि परत फिर.

जिन्याचा तिढा सुटला. आमचे पीटरसाहेब म्हणाले, मालकाला आजारपण सांगू नकोस, पियानो सांग. वरच्या डेकवर मोठा पियानो ठेवायचा तर जिना रुंद आणि सरळ लागतो. मी तसं चित्र पाठवलं, पियानोसकट. मालकांनी दोन ओळींत मान्य केलं. ते पियानो वाजवतात का, हे आम्ही कुणीच विचारलेलं नाही.

वाट बघते.

सलोनी


महाड
१४ फेब्रुवारी २०२५

ती. दादास नमस्कार.

आबांचं ऑपरेशन झालं. ते शुद्धीवर आहेत, पेज पितात आणि शेजारच्या खाटेवरच्या बिरवाडीच्या माणसाला कारखान्यातल्या पाळ्यांबद्दल सतावतात. हे आधी लिहिलं, म्हणजे पुढचं तू शांतपणे वाचशील.

रविवार यायच्या आधीच, गुरुवारी सकाळी, भरतचा फोन आला. मी वर पोचले तेव्हा आबा भिंतीकडे तोंड करून पडले होते आणि ओठ निळसर दिसत होते. तरी डोली म्हटलं की मान हलवत होते. मी रडले, ओरडले, त्यांना नको ते बोलले. शेवटी गोमाजीकाका त्यांच्या कानाशी वाकले आणि म्हणाले, "हैबती, राजेश आलाय. पुढं तोच हाय. चल आता."

आबांनी हात वर केला, उचला म्हणून.

काकांनी माझ्याकडे बघितलं. मी ओढणी कमरेला बांधली आणि पुढचं टोक खांद्यावर घेतलं. मागे भरत. उन्हासाठी आबांवर आईचं लुगडं टाकलं होतं, त्यामुळे आणि मोतीबिंदूमुळे त्यांना काही दिसत नव्हतं, असं आम्ही धरून चाललो. मी तोंड उघडायचं नाही, एवढंच ठरलं होतं. बांबू खांद्यात रुततो, दादा. आबांचं वजन राहिलेलं नाही, पण उतरणीला सगळं पुढे येतं.

फणसाखालच्या वळणावर ते बोलायला लागले. तुझ्याशी. ते तुझं आहे, म्हणून जसं ऐकलं तसं पाठवते.

म्हणाले, "राजेश, त्या दिवशी तुझं बरोबर होतं आसं मी म्हननार नाय. घर सोडून मी नाय राहू शकत. पन तू उपाशी गेलास. भाकऱ्या झाल्या होत्या, कालवन चुलीवर होतं. मी बांधापरत तुझ्या मागं आलो. हाक मारायची होती. लोकं बघत होती, म्हनून नाय मारली. तू वळला आसतास तर मारली आसती."

थोडं पुढे गेल्यावर म्हणाले, "सार्थक आता तुझ्यायेवढा झाला आसंल."

भरत मागून उगाच खोकला. ओढ्याशी भरतच्या भावाने टोक घेतलं आणि मी पाण्यात बसून तोंड धुतलं, बराच वेळ.

रविवारी वाडीत कुणी आलं नाही, असं काकांनी कळवलं. माझं पत्र तुला उशिरा मिळालं असेल, असं मी ठरवून टाकलं आहे. ते खरं नसेल तरी मला सांगू नकोस.

काल दुपारी आबांचे पाय चेपत होते. ते म्हणाले, "सलोनी गो, खांदा दाखव." मी विचारलं, कसला खांदा. म्हणाले, "सोललाय का? त्याला खोबरेल लाव." मग स्वतःशीच हसले, पोटाला हात लावून, कारण हसलं की टाके ओढतात. "राजेश पुढं आसता तर माझे पाय येवढे खाली लोंबले नसते. उतरनीला पुढं उंच मानूस लागतो. तू बुटकी. फनसापरत मला कळलं होतं."

बोटीत इंधन भरलं की तिचं नाक किती खाली जाईल, हे काढण्यात माझी इतकी वर्षं गेली. तू वाडीत सगळ्यात उंच आणि मी तुझ्या छातीला लागते, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. काकांच्याही नाही.

म्हणजे फणसाखाली ते बोलले, ते पुढे मी आहे हे कळल्यावर. मी विचारलं, मग बोललात कशाला? म्हणाले, "तू लिवतेस ना त्याला."

डॉक्टर म्हणतात, ती चढण त्यांनी इतक्यात चालायची नाही. ते माझ्या खोलीवर राहतील, पण शिमग्याला पालखी दारात येईल तेव्हा त्यांना घरी असायचं आहे. म्हणजे पुन्हा डोली, यावेळी वर. आज सकाळी त्यांनी मला खाटेवर बसवून ते नीट समजावून सांगितलं, मी रोज मालकांना समजावते तसं. चढताना मागची बाजू खाली जाते, तेव्हा उंच माणूस मागे लागतो.

"राजेश मागं," ते म्हणाले, "आन पुढं तू."

मी म्हटलं, मी लेक आहे. ते म्हणाले, "माहीत हाय मला."

पालखी आपल्याकडे १५ मार्चला येते. आम्ही आदल्या दिवशी सकाळी, ऊन चढायच्या आत, ओढ्याशी येऊ. तिथून वर घरच्यांनीच न्यायचं. भाकऱ्या मी बरोबर घेते.

पुढच्या टोकाला उभी,
सलोनी