एवढासा कर्नेल

३ फेब्रु., मंगळ.
बिल्ड पुन्हा तुटलं. कंपायलर नवा, कोड जुना, दोघांचं पटत नाही. ऑफिसचं काम ढकलून दिवसभर हेच. हा कर्नेल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, सगळा पसारा धरून गाण्याच्या एका फाइलीहून लहान, म्हणून तर जीव जडला. कीबोर्ड, पडदा वगैरे चालवणारे ड्रायव्हर सगळे त्याच्याबाहेर. एखादा मेला तर कर्नेल त्याला पुन्हा उठवतो, बाकीचं चालू राहतं. निदान वाचायला तरी असंच. स्मिता म्हणाली, "पण हे वापरणार कोण?" जगात मूठभर माणसं. करंजाड्यात मी एकटा. हे तिला सांगितलं नाही, बायको शहाणी आहे, तिला माहीत असणार.

५ फेब्रु., गुरु.
संगणकातल्या आभासी मशीनमध्ये कर्नेल चालतो, खऱ्या जुन्या लॅपटॉपवर काळा पडदा. प्रकल्पातला फिनलंडवाला म्हणतो, त्याचा लॉग, म्हणजे पायरीपायरीची नोंद, पेन ड्राइव्हवरच लिहू दे, कुठे अडतो ते कळेल. केलं. दर वेळी चालू केलं की थोडं लिहितो नि मरतो.
आई दारातून बघत होती. "सारका बंद-चालू करतंस, बिघडंल ना त्यो."
चिडलो तिच्यावर. उगाच.

७ फेब्रु., शनि.
आईचं एकच पालुपद: शिवरात्रीला चिरनेर. तिथल्या भजनी मंडळातल्या पोरांना बाबांची चाल शिकायची आहे. बाबा गेले, उरलं ते तिच्या स्पीकरच्या पेन ड्राइव्हवरचं त्यांचं भजन. "यांची चाल कुनालाच येत नाय. मी सपीकर घेऊन जानार." बरं म्हटलं. डोकं लॉगमध्ये. बहुतेक मेमरीचा नकाशा चुकतोय.

८ फेब्रु., रवि.
चालू झाला!!!
दुरुस्ती केली, कर्नेलची नवी इमेज सकाळी पेन ड्राइव्हवर लिहिली, आणि दुपारी जेवणं झाल्यावर खऱ्या मशीनवर प्रॉम्प्ट, आज्ञेची वाट बघत लुकलुकणारा. कीबोर्डचा ड्रायव्हर मुद्दाम मारला. उठला! परत मारला. परत उठला! पुन्हा पुन्हा मशीन चालू करून तेच. आईला स्वयंपाकघरातून हाताला धरून आणलं.
"यो काय, काळाच तर हाय." मग लॅपटॉपच्या बाजूला बघून, "माजा पेन ड्राइव हितं कशाला लावलास?"

तोच. माझा ड्रॉवरमध्ये आहे. एकाच दुकानातून घेतलेले दोन काळे. सकाळी घाईत शेजारच्या स्पीकरमधून उपसून लावला असणार. आणि इमेज लिहिणारी कमांड आधीचं पुसू का म्हणून कधी विचारत नाही, सांगाल तिथे लिहून मोकळी होते.
"देतो, जरा काम होतं," म्हणालो.
मशीन बंद केलं.

९ फेब्रु., सोम.
बाबांचा आवाज दुसरीकडे कुठेच नाही. चुलतभावाने ज्या फोनवर रेकॉर्ड केलं तो फोन कधीच मोडीत गेला. बाबांना जाऊनही आता वर्षं झाली. जगाला बॅकअप घ्या म्हणून सांगणारा मी. लोका सांगे ब्रह्मज्ञान.
पेन ड्राइव्हची जशीच्या तशी प्रत काढली. मूळ कपाटात ठेवला. हात लावायचा नाही.
आईने पेन ड्राइव्ह मागितला. खरं काय ते सांगितलं. स्मिता समोर होती म्हणून जमलं.
आई तांदूळ निवडत बसली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

११ फेब्रु., बुध.
कर्नेल लहान आहे. लहान आहे. दिवसभर जपासारखं हेच. लहान म्हणजे पेन ड्राइव्हच्या सुरुवातीचाच भाग खाल्ला असेल, मागचं शाबूत असेल. पण लॉग! रविवारी आनंदाच्या भरात किती वेळा चालू केला, दर वेळी त्याने लिहिलं. माझ्या नाचण्याने काय काय पुसलं.
फिनलंडवाल्याचा मेल, अभिनंदन, दुरुस्ती पाठव म्हणतो. उघडून बंद केला.

१२ फेब्रु., गुरु.
प्रतीतून पुसलेल्या फाइली निघताहेत. नावं गेली, नुसते आकडे. एकेक ऐकायची. हरिपाठ, आरत्या, कुठल्याशा बुवांचं प्रवचन, परत आरत्या. बाबा नाहीत. स्मिताने चहा आणून ठेवला, तो तसाच गार.
मग आठवलं: बाबांचं भजन पहिलंच होतं. आईनेच हट्टाने पहिलं टाकायला लावलं होतं, म्हणजे बटण दाबलं की तेच लागेल. पहिलं. जिथे कर्नेल बसला तिथेच.

१३ फेब्रु., शुक्र.
सापडलं. अर्धं.
सुरुवात नाही. मधूनच एकदम बाबा, वरच्या पट्टीत, मागे मृदंग. मी हेडफोन काढून ठेवला नि बाहेर गॅलरीत जाऊन उभा राहिलो. रडलो, लपवण्यात अर्थ नाही.
आईला ऐकवलं. ती ऐकत राहिली. संपल्यावर, "नि उचल? पैल्यांदा जी उचल घेत ती खै हाय? चाल तितंच तं कलते."
"ती नाही राहिली, आई."
"मंग पोरा शिकतील काय?"

१४ फेब्रु., शनि.
उद्या शिवरात्र. माझ्या पेन ड्राइव्हवर अर्धं भजन टाकून दिलं. सकाळपासून स्वयंपाकघरात स्पीकर लावून बसलीय. बटण दाबायच्या आधी हळूच स्वतः उचल गुणगुणते. बाबांच्या आवाजापर्यंत पोचायच्या आत थांबते. परत पहिल्यापासून. मंडळात बायका कधी गायल्या नाहीत. उद्या ती गाणार का, हे विचारायची माझी हिंमत नाही. स्मिता म्हणते, विचारू नकोस, नुसती गाडी काढ.
दुरुस्ती फिनलंडला पाठवली नाही अजून. कपाटातला पेन ड्राइव्ह तसाच आहे. पुढे माझा कर्नेल, मागे बाबा. पुसवत नाही.
आतून परत उचल ऐकू येतेय. या वेळी जरा मोठ्याने.