डब्यातली शेवटची कांडी

ता. ३ जून

चि. ठिपकीस,
आजीचे आशीर्वाद.

तू धाडलेली चित्रवही आणि मेणाच्या रंगकांड्यांचा डबा पोचला. रोज एक चित्र काढ म्हणतेस. लहानपणी शाळा बुडवली, ती आता नातीने वसूल करायला घेतलीय! आधी कोळसा घेतला. वहीपेक्षा माझंच तोंड जास्त रंगलं. मग उरलेला कोरा चहा फासला, तो झकास बसला. बीट चोळलं, पहिल्या दिवशी गुलाबी, आता गंजकी बादली.

मोतीबिंदू पिकलाय. सकाळी समोरची भिंत दुधात बुडालेली असते. दिव्याला कुणी लोकर गुंडाळलीय. जिना चढणारा माणूस वर पोचायच्या आत विरघळतो. दिसतं तस्सं काढते. पुढच्या महिन्यात तुझा बाप ऑपरेशन करवणार आहे. तोवर डोळे शिणवतेस म्हणून त्याला ओरडू दे.

कळावे. लोभ वाढवलास तर पत्रंही लांब लिही.
तुझी आजी

ता. २१ जून

चि. ठिपकीस,
आशीर्वाद.

बापाला सांगू नकोस. आठवडाभर डब्यातली शेवटची कांडी, काळी, जागेवरून चाचपून घेऊन दाबून दाबून काढतेय. पानावर काही म्हणजे काही नाही. भिंत अजून दुधात दिसते, पण माझी रेघच दिसेना. हे पत्रही हाताच्या सवयीने लिहितेय. आज रेघ गेली, उद्या भिंत. तेल संपलेल्या दिव्याची वात कशाला बदलायची? ऑपरेशन नको म्हणून कळवलंय. बाप कारण विचारतो. म्हटलं, माझी मर्जी.

पानं फाडून सोबत धाडलीत. मला तर कोरीच दिसतात; तुलाही काही दिसलं नाही तर वापर. रडू नकोस, कागद भिजतो.

लोभ आहे तेवढा पुरे.
आजी

ता. २६ जून

ती. आजीस,
सा. न. वि. वि.

रडलेच. मग पान उजेडात तिरकं धरलं, तर काहीतरी चकाकलं. तुझाच कोरा चहा उकळून फासला. आजी, पांढऱ्या रेघा उठल्या! खुर्ची, तिच्यावरची शाल, झोपलेलं मांजर, लोकरीतला दिवा. अख्खी खोली तळ्यातून वर आली. तू डबा उलटा धरलास गं! शेवटची म्हणून घेतलीस ती पहिली, पांढरी कांडी. पांढऱ्यावर पांढरं मलाही दिसलं नव्हतं. मेणावर चहा ठरत नाही, म्हणून उमटलं. बाबांना सगळं सांगितलंय. तारीख कायम आहे.

माझा नमस्कार घ्यावा, राग परत धाडावा.
ठिपकी

ता. २ जुलै

चि. ठिपकीस,
आशीर्वाद आणि एक धपाटा.

चुगलखोर! पण बरं केलंस. मला शब्द फिरवायची लाज वाटली असती. उगाच आंधळी होऊन भिंती चाचपत फिरले, मांजरसुद्धा वाट सोडून बसायला लागलं.

उद्या ऑपरेशन. आज धुकं नीट बघून घेतलं. उद्यानंतर तो जिन्यावरचा माणूस विरघळायचा नाही. वर पोचेल, खिसे चाचपेल, दार उघडून आत जाईल. मग त्यात बघायचं काय? म्हणून जाणूनबुजून पांढरी कांडी घेतली आणि सगळं एका पानावर काढून ठेवलं. काय उमटलंय, मलाही ठाऊक नाही. पान धाडत नाही, उशीखाली आहे. डोळ्याची पट्टी निघेल तेव्हा ये. चहा मी उकळते. पहिला हात मी फिरवणार.

लोभ असू दे. डबा मात्र तू धर.
आजी